तिकीट आपलं, मॅच नाही

भाऊ, ‘तिकीट माझं, फोन माझा, मग लाइव्ह केलं तर चोरी कशी?’ असं तुम्ही विचारलंय. दोन गोष्टींची गल्लत होतेय. टीव्हीसमोर फोन धरून मॅच फेसबुकवर सोडली तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 37 लागतं. प्रसारण पुन्हा दाखवायचं तर प्रसारकाची परवानगी हवी, असं ते कलम सांगतं; प्रसारकाचा तो हक्क 25 वर्षं टिकतो. स्टेडियममधून सोडली तर आडवी येते तिकिटामागची बारीक अक्षरातली अट. ती वाचतो कोण म्हणा!

आमच्याकडे अमळनेरला शेजारच्या पोराने कळण्याच्या पिठाच्या डब्याला फोन टेकवून फायनल लावली होती. निम्मा वेळ पंख्याची सावली अन् आजीचा खोकला, तरी 60-70 जण बघत होते. चौदाव्या षटकात लाइव्ह गायब. गावातली टेनिस-बॉल स्पर्धा मात्र आयोजकांना विचारून खुशाल दाखवा, पुण्याला गेलेली आपली पोरं तीच शोधत असतात.