मदत हवी आहे: मेथड दुसऱ्याची, मग लिहायची कशी?

थीसिसच्या मेथड्स सेक्शनवर अडकलेय. प्रोटीन मोजायला ब्रॅडफर्डची पद्धत वापरली (सॅम्पलमध्ये डाय म्हणजे रंग मिसळून तो किती प्रकाश शोषतो, म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स, ते मोजायचं), मूळ पेपर १९७६चा, पण स्टेप्स घेतल्या एका नंतरच्या पेपरमधून, त्यांनी ती ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये बसवलीय आणि मीही अगदी तसंच केलं. आता सिमिलॅरिटी रिपोर्टमध्ये (मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतो ते सॉफ्टवेअर दाखवतं तो) नेमका तोच पॅरा लाल. "५९५ नॅनोमीटरला अ‍ॅब्सॉर्बन्स मोजला" हे आणखी किती प्रकारे लिहिणार!

शब्द बदलून, वाक्यं उलटसुलट करून पाहिलं, तर गाइड मॅडम म्हणाल्या डाय आधी घातला की सॅम्पल तेच कळत नाहीये. अवतरणचिन्हांत टाकावं तर आमच्या विषयात मेथड कोणी तशी कोट करत नाही. नुसतं "आधी वर्णन केल्याप्रमाणे" लिहिलं तर वाचून प्रयोग परत करता यायला हवा म्हणतात, तेही बरोबरच आहे म्हणा.

दोन्ही पेपर साइट केलेत, म्हणजे त्यांचा संदर्भ दिलाय, पण पॅराच्या शेवटी एकदाच. आकृती, टेबल काही उचललेलं नाही.

तर मूळ पद्धत आणि तो बदल वेगवेगळा साइट करून, माझी व्हॉल्यूम्स आणि वेळ तेवढे सविस्तर लिहून, बाकी स्टेप्स अपेंडिक्समध्ये टाकल्या तर चालेल का? आणि अपेंडिक्समधलं जुळलेलंही प्लेजरिझममध्ये धरतात का?