अनुभव धागा : ग्रुप प्रोजेक्टमधली भांडणं

सबमिशनं तोंडावर आलीत. ग्रुप चौघांचा, राबणारे दोघं, आणि व्हायवाला सगळेच इस्त्रीच्या कपड्यांत, हे घरोघरी आहेच. नुसत्या शिव्या नकोत. भांडण पेटल्यावर पुढे काय केलंत ते लिहा. कॉलेजचं, सरांचं नाव टाळा.

बांधावरची :
बीएस्सी अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आमचं 'रावे' होतं, म्हणजे गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम. प्रात्यक्षिकाला आणि फोटोत पुढे मुलं. अहवाल आणि गावाच्या नकाशाची रांगोळी आम्हा मुलींच्या गळ्यात. कुरबूर रोजचीच. बोर्डो मिश्रणाच्या (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) दिवशी भडका उडाला. 10 लिटरचंच करायचं होतं, 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना. दोन्ही द्रावणं एकत्र ओतून आमच्यातला एकजण थेट पंपात भरायला निघाला. मी म्हटलं, आधी लोखंड बुडवून बघ. "तू फोटो काढ ना," म्हणाला. तेवढ्यात बागवाल्या काकांनी आपला विळा बादलीत धरला. पात्यावर तांबूस थर! चुना कमी पडला होता. तसंच फवारलं असतं तर डाळिंबाची पानं करपली असती. काका म्हणाले, "पोरीचं ऐकत जा की जरा."

सगळ्यांदेखत ते त्याला फार लागलं. रात्री ओसरीवर अशी जुंपली की जेवणं तशीच राहिली. शेवटी ठरलं, ज्याचं प्रात्यक्षिक त्याचाच अहवाल, आणि रांगोळीलाही पाळी. कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. त्याच्या पाळीला पठ्ठ्यानं ओढा शाळेच्या भलत्याच बाजूनं नेला. गावातल्या एका आजींनी तो पायानं पुसून जागा दाखवली. पण काढला त्यानेच. आणि अहवाल त्याचे आमच्याहून नेटके निघाले, हेही सांगायला हवं.

धागाकर्ती :
काकांच्या बोलण्यानं भांडण मिटलं नाही, वाढलं! बरोबर कोण हे चारचौघांत ठरलं की हरलेला जास्त अडून बसतो, असं मला वाटतं.

स्पॅनर :
अगदी. आमच्या बाहाच्या (इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्वतः गाडी बांधून पळवायची स्पर्धा) टीममध्ये कोण बरोबर ते कधी ठरलंच नाही. त्या स्पर्धेत ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक व्हावी लागतात, नाहीतर गाडी शर्यतीत उतरूच देत नाहीत. आमची मागची लॉक होईनात. डिझाईनवाले म्हणायचे कॅल्क्युलेशन चोख आहे, तुम्ही ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या लाइनमधली हवा काढणं, नीट करत नाही. वर्कशॉपवाले म्हणायचे पेडल रेशोच (पायाचा जोर पेडल किती पट करतं ते) चुकलाय. कॅप्टननं कामंच बदलली. डिझाईनवाले गाडीखाली, आम्ही त्यांच्या एक्सेल शीटवर. त्यांनी लाइनमधली हवा काढली, आम्ही रेशो वाढवला. चाकं लॉक झाली. कशामुळे झाली, यावर अजून भांडतो, पण चहावर.

नाव_नको :
आमचं मिटलं नाही. दोघांना रेडीमेड प्रोजेक्ट विकत घ्यायचा होता, दोघांना स्वतः करायचा होता. महिनाभर समजूत घातली, मग एचओडींना अर्ज देऊन ग्रुप फोडला. फुटलं तेच बरं झालं. उगाच गळ्यात गळे कशाला?

परदेशी_डबा :
जर्मनीत मास्टर्स करतेय. इथले टीममेट तोंडावर "हा भाग चांगला नाही" म्हणतात आणि पाच मिनिटांनी सोबत जेवायला चलतात. आपण मात्र दोन दिवस धुमसत बसतो. मीटिंगमध्ये ठरलेलं लिहून सगळ्यांना पाठवायची त्यांची सवय तेवढी मी उचलली. "मी असं म्हणालोच नव्हतो" हे बंद होतं.

तिसरा_बाक :
बांधावरची, तो सह्यांचा कागद सरांना दाखवला होतात का? आमचे गाईड म्हणतात आपसात मिटवा.

बांधावरची :
नाही, खोलीच्या दाराला आतून चिकटवला होता. तुम्ही तारखा तेवढ्या टाकून ठेवा, म्हणजे दाखवायची वेळ आलीच तर कामाला येईल.