शब्दचर्चा: ‘इनसायडर ओनरशिप’ आणि ‘इन्स्टिट्यूशनल ओनरशिप’ यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

नमस्कार. नोकरी सांभाळून शेअर बाजारात थोडीफार गुंतवणूक करणाऱ्यांसाठी मी मराठीत टिपणे लिहितो. अमेरिकी कंपन्यांची माहिती देणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांवर दोन आकडे शेजारी शेजारी असतात: ‘इनसायडर ओनरशिप’ अमुक टक्के, ‘इन्स्टिट्यूशनल ओनरशिप’ तमुक टक्के. पहिल्याला ‘प्रवर्तकांची मालकी’ आणि दुसऱ्याला ‘संस्थांची मालकी’ म्हणावे का? एका वाचकाने विचारले, ‘वॉलमार्टचे प्रवर्तक म्हणजे कोण? संस्थापक सॅम वॉल्टन तर १९९२ सालीच गेले.’ प्रश्न रास्त वाटला, म्हणून इथे विचारतो आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

‘अंतःस्थ’ हा शब्द कायद्याच्या भाषेत चालतो. ‘अंतःस्थांची मालकी’ म्हणता येईल. सोपे हवे असेल तर ‘आतल्या मंडळींचा हिस्सा’. ‘संस्थात्मक’ला मात्र पर्याय शोधायला नको, तो रुळलेला आहे.

प्रतिसाद

हिंदी वृत्तपत्रे इनसायडर ट्रेडिंगला ‘भेदिया कारोबार’ म्हणतात. त्यावरून ‘भेदी’ कसा वाटतो?

प्रतिसाद

‘भेदी’ नको. मराठीत भेदी म्हटले की घरभेदी आठवतो, म्हणजे आतली बातमी बाहेर फोडणारा. एखाद्या संचालकाने स्वतःच्या कंपनीचे शेअर रीतसर घेतले, मुदतीत कळवले, तर त्यात भेद कसला? शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे २०१५चे इनसायडर ट्रेडिंगविषयीचे नियम आतल्या माणसाला शेअर ठेवायला बंदी करत नाहीत. बंदी आहे ती जाहीर न झालेल्या, भावावर परिणाम करू शकणाऱ्या माहितीच्या जोरावर व्यवहार करण्याला. म्हणून तिमाही संपली की आतल्या मंडळींसाठी ‘ट्रेडिंग विंडो’, म्हणजे व्यवहाराची मुभा, बंद होते आणि निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांनी उघडते. या मधल्या काळात कंपनीच्या हिशेब खात्यातल्या माणसालाही आपल्याच कंपनीचे शेअर विकता येत नाहीत, मग घरात लग्न निघालेले असो की फ्लॅटचा हप्ता भरायचा असो.

आता मूळ प्रश्न. ‘प्रवर्तक’ आणि ‘इनसायडर’ यांची अदलाबदल करू नये असे माझे ठाम मत आहे, कारण आपल्याकडच्या आणि अमेरिकेतल्या कायद्यांनी माणसांची वाटणीच वेगळी केली आहे.

अमेरिकेच्या शेअर व्यवहारांविषयीच्या १९३४च्या कायद्यानुसार इनसायडर म्हणजे कंपनीचे संचालक, वरिष्ठ अधिकारी आणि दहा टक्क्यांहून जास्त शेअर बाळगणारा कोणीही. यांपैकी कोणी शेअर घेतले वा विकले की कामकाजाच्या दोन दिवसांत ‘फॉर्म ४’ भरावा लागतो. कंपनी कोणी स्थापन केली याच्याशी त्या व्याख्येला काही देणेघेणे नाही. वॉलमार्टमध्ये वॉल्टन कुटुंबाकडे सुमारे ४५ टक्के शेअर आहेत, त्यातला मोठा वाटा कुटुंबाच्या कंपनीमार्फत आणि ट्रस्टमार्फत. ही मंडळी इनसायडर ठरतात ती दहा टक्क्यांच्या रेषेमुळे आणि संचालक मंडळावरील जागांमुळे. म्हणजे तुमच्या वाचकाला उत्तर असे: वॉलमार्टला ‘प्रवर्तक’ हा रकानाच नाही.

आपल्याकडे उलट आहे. इथे आकडा निघतो तो ‘प्रवर्तक आणि प्रवर्तक समूह’ यांचा. प्रवर्तक म्हणजे ज्याचे नाव शेअर विक्रीच्या माहितीपत्रकात तसे दिलेले आहे, किंवा ज्याचे कंपनीवर नियंत्रण आहे, किंवा ज्याच्या सल्ल्याने संचालक मंडळ चालते. समूहात त्याची बायको किंवा नवरा, आई-वडील, भाऊ-बहीण, मुले, इतकेच नव्हे तर जोडीदाराचे आई-वडील आणि भावंडेही येतात. या माणसांनी कंपनीच्या दारात कधी पाऊल टाकले नसेल, तरी त्यांचे शेअर प्रवर्तकांच्या बेरजेत धरले जातात. आणि तीस वर्षे कारखाना चालवणारा, पण घराण्याबाहेरचा व्यवस्थापकीय संचालक? तो प्रवर्तक नाही, त्याचे शेअर ‘पब्लिक’च्या बेरजेत जातात. इनसायडर मात्र तो नक्कीच आहे.

प्रवर्तक माणूसच असावा असेही नाही. टीसीएसचे सुमारे ७२ टक्के शेअर टाटा सन्सकडे आहेत आणि टाटा सन्सचा जवळजवळ दोन-तृतीयांश हिस्सा टाटा ट्रस्ट्सकडे. एलआयसीने शेअर बाजाराकडे दाखल केलेल्या, कोणाकडे किती शेअर आहेत ते सांगणाऱ्या तक्त्यात प्रवर्तकाच्या ओळीत ‘भारताचे राष्ट्रपती’ असे छापलेले असते, कारण सरकारी कंपन्यांचे शेअर त्यांच्या नावावर असतात. मे २०२२च्या विक्रीत सरकारने ३.५ टक्के विकले, उरलेले ९६.५ टक्के त्या एका ओळीत. तिथे ‘इनसायडर’ वाचून कोणाला काय बोध होणार?

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला पुस्ती जोडतो. मी शेअर निबंधकाच्या, म्हणजे कंपन्यांच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, ज्याला सगळे आरटीए म्हणतात, बरीच वर्षे काम केले आहे. हा तक्ता तयार करणे हे आमचे दर तिमाहीचे काम. त्यामुळे शब्द जरा जवळून माहीत आहेत.

तक्त्याला आम्ही ‘शेअरहोल्डिंग पॅटर्न’च म्हणायचो. मराठीत ‘भागधारणेचा तक्ता’ म्हटले तर कळते. तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत तो शेअर बाजाराकडे गेला पाहिजे, म्हणजे सप्टेंबरअखेरचा २१ ऑक्टोबरपर्यंत. त्यासाठी एनएसडीएल आणि सीडीएसएल या डीमॅट खाती सांभाळणाऱ्या दोन्ही डिपॉझिटरींकडून ‘बेनपोस’ येते. अमुक तारखेला कोणत्या डीमॅट खात्यात किती शेअर आहेत याची ती यादी. कागदी प्रमाणपत्रे अजून ज्यांच्याकडे आहेत त्यांची यादी वेगळी. मग पॅन क्रमांकावरून एकाच माणसाची वेगवेगळी खाती एकत्र करायची. एखाद्याची तीन ब्रोकरांकडे तीन खाती असली तरी तक्त्यात तो एकच. एवढे झाले की बेरीज बरोबर १०० येते. यायलाच हवी, नाही आली तर रात्री घरी जायचे नाही.

‘संस्था’ या शब्दाबद्दल थोडे. आपल्या महाराष्ट्रात संस्था म्हटले की पतसंस्था, शिक्षणसंस्था, गृहनिर्माण संस्था डोळ्यापुढे येतात. तक्त्यातल्या ‘इन्स्टिट्यूशन्स’ वेगळ्या आहेत. देशी गटात म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, बँका, पेन्शन फंड, पर्यायी गुंतवणूक निधी. परदेशी गटात मुख्यतः परदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदार म्हणजे एफपीआय. एखाद्या खासगी कंपनीने शेअर घेतले तर ती ‘बॉडीज कॉर्पोरेट’, म्हणजे संस्थांच्या बाहेर. ट्रस्ट बहुधा तसेच. म्हणून नुसते ‘संस्थांची मालकी’ लिहिले तर कोल्हापूरच्या वाचकाला वाटेल की एखाद्या सहकारी संस्थेने कंपनी विकत घेतली. ‘संस्थात्मक गुंतवणूकदारांचा हिस्सा’ असे पूर्ण लिहा.

आणखी एक. २०२२मध्ये तक्त्याचा नमुना बदलला. तेव्हापासून ‘पब्लिक’च्या भागात, बिगर-संस्थात्मक गटात, ‘संचालक आणि त्यांचे नातेवाईक’ (स्वतंत्र आणि नामनिर्देशित संचालक सोडून) अशी एक वेगळी ओळ आली आणि ‘प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी’ अशी दुसरी. भारतीय कंपनीत अमेरिकी अर्थाच्या इनसायडरांच्या जवळ जायचे असेल तर प्रवर्तकांच्या आकड्यात या दोन ओळी मिळवाव्यात. फार लोक त्या उघडून पाहत नाहीत. मी म्हणेन, अवश्य पाहाव्यात. कंपनी चालवणाऱ्या पगारी माणसाने स्वतःचे किती पैसे तिथे ठेवले आहेत ते त्यांत दिसते.

मूळ प्रश्नकर्ता

फार उपयोगी. पण मग ‘पब्लिक’चे काय करायचे? मी ‘जनता’ लिहिणार होतो.

प्रतिसाद

‘जनता’ अजिबात नको. आयटीसीचा तक्ता काढून पाहा. कोलकात्याची ही कंपनी १९१०मध्ये इंपीरियल टोबॅको म्हणून सुरू झाली. आज तिला प्रवर्तक नाही, प्रवर्तकांचा हिस्सा शून्य. म्हणजे शंभर टक्के ‘पब्लिक’. आणि त्या पब्लिकमध्ये सर्वांत मोठा भागधारक कोण? लंडनची ब्रिटिश अमेरिकन टोबॅको. मार्च २०२४मध्ये तिने साडेतीन टक्के विकले, मे २०२५मध्ये आणखी अडीच टक्के, तरी तिच्याकडे पाचव्या हिश्श्याहून जास्त शेअर उरले. अमेरिकेत असती तर दहा टक्क्यांच्या नियमाने ती इनसायडर ठरली असती. इथे ती ‘जनता’!

तक्त्यातल्या पब्लिकचा अर्थ ‘प्रवर्तक सोडून बाकीचे’ एवढाच आहे. (कर्मचाऱ्यांच्या लाभाचे काही ट्रस्ट आणि परदेशी बाजारांतल्या डिपॉझिटरी रिसीटच्या बदल्यात ठेवलेले शेअर यांचा ‘ना प्रवर्तक ना पब्लिक’ असा तिसरा गट असतो, तो वगळून.) म्हणून ‘प्रवर्तकेतर’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी ‘किरकोळ गुंतवणूकदार’ किंवा ‘छोटे भागधारक’ वेगळे लिहावे. तक्त्यात त्यांची स्वतंत्र ओळ असते: दर्शनी मूल्याने दोन लाख रुपयांपर्यंतचे भांडवल धारण करणाऱ्या व्यक्ती.

मुंबईची लार्सन अँड टुब्रो हीसुद्धा प्रवर्तक नसलेली कंपनी. तिथे कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टकडे चांगला दोन आकडी हिस्सा आहे. सिमेंट व्यवसाय वेगळा होऊन बिर्ला समूहाकडे गेला, तेव्हा त्या समूहातल्या ग्रासिम कंपनीकडचे लार्सनचे शेअर या ट्रस्टने घेतले. त्या हिश्श्याला ‘प्रवर्तक’ म्हणता येत नाही, ‘किरकोळ’ तर नाहीच. ‘कर्मचारी ट्रस्टचा हिस्सा’ असे सरळ लिहिणे बरे. एचडीएफसी बँकेलाही, जुलै २०२३मध्ये तिची प्रवर्तक एचडीएफसी तिच्यातच विलीन झाल्यापासून, प्रवर्तक उरलेला नाही.

प्रतिसाद

‘मालकी’ या शब्दावरच माझा आक्षेप आहे. म्युच्युअल फंडाकडे एखाद्या कंपनीचे सहा टक्के शेअर असतात ते कोणाच्या पैशाने? दरमहा एसआयपी भरणाऱ्या शिक्षिकेच्या, बँकेतल्या कारकुनाच्या. एलआयसीचे शेअर पॉलिसीधारकांच्या हप्त्यांतून आलेले. फंड मत देतो, शेअर विकायचे कधी ते ठरवतो, पण नफा-तोटा युनिटधारकाचा. मार्च २०२५च्या तिमाहीत एनएसईवर नोंदलेल्या कंपन्यांत देशी संस्थांचा हिस्सा पहिल्यांदाच परदेशी गुंतवणूकदारांच्या पुढे गेला. १९९२मध्ये परदेशी संस्थांना दार उघडल्यापासून बाजार त्यांच्या तालावर हलतो असे आपण ऐकत आलो. त्या तुलनेत हा बदल मोठा आहे, आणि तो घडवला आहे घराघरांतल्या बचतीने. म्हणून संस्थांच्या बाबतीत ‘मालकी’ऐवजी ‘हिस्सा’ किंवा ‘हिस्सेदारी’ लिहावे असे मला कळकळीने वाटते. ‘भागीदारी’ मात्र कधीच नको. भागीदार हा भागीदारी पेढीतला, त्याची जबाबदारी अमर्याद. शेअर घेणारा तो भागधारक.

मूळ प्रश्नकर्ता

मान्य. ‘हिस्सा’ पक्का. एक शंका राहते. आरटीएवाले म्हणतात बेरीज १०० आलीच पाहिजे. पण अमेरिकी संकेतस्थळांवर काही वेळा संस्थात्मक हिस्साच १०० टक्क्यांच्या वर दिसतो. तिथे मराठीत काय लिहू?

प्रतिसाद

तिथे शब्द बदलून भागणार नाही, एक ओळ स्पष्टीकरण द्या. अमेरिकेत संस्थांचा आकडा ‘१३-एफ’ या विवरणांवरून काढतात. दहा कोटी डॉलरहून जास्त रकमेचे अमेरिकी बाजारातले शेअर सांभाळणाऱ्या गुंतवणूक व्यवस्थापकांना तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत ते भरावे लागते. कंपनीची एकच यादी नाही, प्रत्येक संस्थेने आपापले सांगायचे. आता शॉर्ट सेलिंग, म्हणजे उसने शेअर घेऊन विकणे, आले की एका फंडाने उसने दिलेले शेअर दुसरा विकतो, तिसरा फंड ते घेतो. पहिला आणि तिसरा दोघेही आपल्या विवरणात ते दाखवतात. एकच शेअर दोनदा मोजला गेला. शॉर्ट विकणाऱ्याची उणे बाजू १३-एफमध्ये येतच नाही. जानेवारी २०२१मध्ये गेमस्टॉप या अमेरिकी कंपनीच्या वेळी हेच झाले होते. बाजारात फिरत्या शेअरांपेक्षा शॉर्ट विकलेले शेअर जास्त होते आणि संस्थांचा हिस्साही शंभरच्या पुढे दिसत होता. काही संकेतस्थळे एकूण शेअरांऐवजी फक्त फिरत्या शेअरांनी भागतात, त्यानेही आकडा फुगतो. म्हणून ‘विवरणांनुसार संस्थात्मक हिस्सा’ असे लिहा. ‘विवरणांनुसार’ हा शब्द गाळू नका.

प्रतिसाद

जाता जाता ‘प्लेज्ड शेअर्स’, म्हणजे कर्जासाठी अडकवलेले शेअर, हेही घ्या, कारण प्रवर्तकांचा हिस्सा वाचताना ती ओळ सुटली तर बाकीचे वाचून उपयोग नाही. काहीजण ‘गहाण’ लिहितात, काहीजण ‘तारण’. गहाण म्हटले की जमीन, घर, गहाणखत. सोन्यावर आपण ‘सोनेतारण’ म्हणतो, शेअरांनाही ‘तारण’च योग्य. तारण ठेवलेले शेअर प्रवर्तकाच्याच डीमॅट खात्यात राहतात, फक्त त्यांवर खूण होते. त्यामुळे हिश्श्याचा आकडा तसाच दिसतो. कर्ज थकले की सावकार ते ताब्यात घेऊन विकतो आणि आकडा एकदम कोसळतो. सत्यम या संगणक कंपनीत हे सगळ्यांनी पाहिले. प्रवर्तकांचा हिस्सा वर्षानुवर्षे घटत दहा टक्क्यांच्याही खाली आला होता. डिसेंबर २००८च्या अखेरीस कळले की उरलेले शेअरही तारण आहेत आणि सावकार ते विकत असतील. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचे, हिशेबात खोटेपणा केल्याचे कबुलीपत्र आले. त्याच महिन्यात सेबीने प्रवर्तकांना तारण शेअर जाहीर करणे बंधनकारक केले आणि भागधारणेच्या तक्त्यात तो रकाना आला. टिपणात ‘प्रवर्तकांचा हिस्सा ५२ टक्के, पैकी तारण ३० टक्के’ असे लिहिताना ते ३० टक्के प्रवर्तकांच्या हिश्श्याचे की कंपनीच्या एकूण भांडवलाचे, हे दरवेळी सांगा. तक्त्यात ते प्रवर्तकांच्या हिश्श्याचे असतात.