उत्पन्नाची अट परत आणा म्हणणाऱ्यांना

गोदाकाठ

विम्याच्या हप्त्यांवरच्या धाग्यात सरळमार्गी यांचा प्रतिसाद वाचला: "फुले योजनेत आता सगळ्यांनाच ५ लाखांचं कव्हर. दारात फॉर्च्युनर उभी आहे त्याची बायपास करदात्याच्या पैशातून होणार. उत्पन्नाची आणि मालमत्तेची अट परत आणा, खऱ्या गरिबालाच लाभ द्या." खाली अंगठ्यांची रांग. तिथे विषय वेगळा होता म्हणून इथे लिहितोय, आणि सविस्तर लिहितोय, कारण डोकं फिरलंय.

फुले योजना म्हणजे राज्याची मोफत उपचारांची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. अट परत आणा म्हणजे नेमकी कुठली? रेशनकार्डाच्या रंगाचीच ना? पिवळं-केशरी आत, पांढरं बाहेर. १९९९ मध्ये तीन रंग आले. वर्षाला १५,००० च्या आत पिवळं, १ लाखापर्यंत केशरी, त्याच्या वर किंवा दारात चारचाकी असेल तर पांढरं. १ लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. चार घरची धुणीभांडी करणारी बाई आणि रिक्षा चालवणारा नवरा, दोघांनी खरं उत्पन्न लिहिलं तर पांढऱ्यात जातात. लोक केशरीत राहिले ते खोटं लिहून. खरं लिहिणारा बाहेर आणि ओळखीने दाखला आणणारा आत, अशी ही अट होती.

केंद्राची तऱ्हा त्याहून भारी. आयुष्मान भारत ही त्यांची मोफत उपचारांची योजना २०१८ च्या सप्टेंबरात आली आणि लाभार्थी ठरवले २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवरून. त्या गणनेत ज्याच्या घरी फ्रीज, लँडलाइन किंवा दुचाकी, तो बाद. घरातला एक जण महिन्याला १०,००० च्या वर कमावतो, बाद. व्यवसाय कर भरतो, बाद. आपल्याकडे कारखान्याच्या गेटवरच्या रखवालदाराच्या पगारातूनसुद्धा महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापतात. तो झाला श्रीमंत.

आता माझ्या काकांचं. जालना जिल्ह्यात छोटं किराणा दुकान, माल आणायला जुनी ओम्नी, म्हणून पांढरं कार्ड. आमचा जिल्हा शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांमधला, तिथे पांढऱ्या कार्डालाही फुले योजना होती, पण ती सातबारा असलेल्या शेतकऱ्याला. काकांकडे सातबारा नाही. किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं. आधी ओम्नी विकली. मग दुकानात माल भरणं बंद झालं, फळ्या रिकाम्या दिसायला लागल्या. मग काकूच्या पाटल्या, मग प्लॉट. तेव्हा तहसीलमधला माणूस म्हणाला, आता तुमचं केशरी कार्ड होऊ शकतं.

अट मोजते ती आजारी पडण्याआधीची मालमत्ता. आजार तीच खातो. उघड्यावर येईपर्यंत थांबा आणि मग या, असं सांगायचं असेल तर सरळ सांगा. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने सगळ्या कुटुंबांना आत घेतलं आणि १ जुलै २०२४ पासून ते लागू झालं. ते मागे घ्या म्हणणाऱ्याने आधी एखाद्या डायलिसिस युनिटबाहेर सकाळभर बसून यावं.

सरळमार्गी

तुमच्या काकांचं वाईट वाटलं, हे मनापासून. पण एका काकांवरून राज्याचं धोरण ठरत नाही.

१ लाखाची मर्यादा आज निरर्थक आहे, ठीक, मान्य. मग वाढवा ना! धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकाची ३ लाख ६० हजार केलीच की. मोडलेलं कुलूप बदलतात, दरवाजा काढून टाकत नाहीत.

आणि आता माझंही ऐका. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याला हार्ट ॲटॅक आला. केशरी कार्ड, सगळे कागद नीट. योजनेतल्या खासगी रुग्णालयाने सांगितलं, योजनेचे बेड भरलेत, वाट बघा. ते वाट बघत असताना माझ्या डोळ्यांसमोर एका कंत्राटदाराच्या वडिलांना त्याच योजनेत बेड मिळाला, कारण नगरसेवकाचा फोन आला. सगळ्यांना पात्र करता तेव्हा रांगेत कोण पुढे जातो? ज्याच्याकडे फोन नंबर आहेत तो. रुग्णालय योजनेला मोजकेच बेड देतं, कारण पॅकेजचा, म्हणजे एका उपचारामागे योजना देते तो, दर त्यांना परवडत नाही. मग मावशी मागेच. गरिबाचा कैवार घेऊन तुम्ही गरिबालाच रांगेत मागे ढकलताय आणि वर आम्हाला डायलिसिस युनिट दाखवताय. मी दरवर्षी स्वतःच्या विम्याचा हप्ता भरतो, त्यावर कर भरलाय. या योजनेतून मला काही नको आहे.

बांधावरून

सरळमार्गी साहेब, फॉर्च्युनर फॉर्च्युनर करताय. मालमत्ता मोजायला सुरुवात झाली की गाडी फॉर्च्युनरपाशी थांबत नाही, ती आमच्या ट्रॅक्टरपाशी येते. त्या २०११ च्या गणनेत यांत्रिक तीनचाकी-चारचाकी शेती अवजार असलेलं घर बाद होतं. अडीच एकर बागायत आणि एक मोटर असली तरी बाद. ५०,००० मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड असलं तरी बाद. म्हणजे कर्ज काढायची ऐपत हीच मालमत्ता! सातबाऱ्यावर बँकेचा बोजा आहे हे कुणी बघितलं नाही.

गोदाकाठ, तुम्ही निदान चौदा जिल्ह्यांत होतात. आम्ही जतचे. पाऊस तुमच्यापेक्षा जास्त पडतो असं नाही, पण जिल्हा सांगली, त्यामुळे कागदावर आम्ही उसाचे बागायतदार. माझ्या थोरल्या भावाच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पांढरं कार्ड म्हणून पूर्ण बिल रोख भरलं. शेजारच्या गावात केशरी कार्डावर आमच्यापेक्षा दुप्पट जमीनवाला फुकटात करून आला.

सरळमार्गी

ट्रॅक्टर मालमत्ता नाही तर काय आहे? माझी चारचाकी मोजायची आणि तुमचा ट्रॅक्टर मोजायचा नाही, हा कुठला न्याय? आमचा पगार फॉर्म १६ मध्ये छापून येतो, एक रुपया लपत नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, त्यामुळे लाखोंची द्राक्षं एक्स्पोर्ट करणारासुद्धा कागदावर गरीब राहू शकतो. म्हणूनच नुसती उत्पन्नाची अट पुरत नाही, मालमत्तेची लागते.

बांधावरून

तुमची गाडी तुम्हाला ऑफिसला नेते. माझा ट्रॅक्टर नांगरतो तेव्हा घरात भाकरी येते. तो विकून दवाखान्याचं बिल भरलं तर पुढच्या हंगामात भाड्याच्या ट्रॅक्टरला तासावर पैसे मोजायचे आणि वर बँकेचा हप्ता चालूच. हा फरक कळत नसेल तर शेतीवर बोलू नका.

आणि कर भरत नाही हे ऐकून कान किटले. कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी कोण भरतो? दुकानदार वस्तू घेतो तेव्हा भरलेला कर त्याला वजा मिळतो, आम्हाला मिळत नाही. डिझेलवरचा कर कोण भरतो? द्राक्षवाला बघायचाच असेल तर मणी भरताना अवकाळी आणि गारपीट झाली की या. घड हातात घेतला की पाणी गळतं. तेव्हा त्याचं उत्पन्न कुठल्या फॉर्ममध्ये लिहायचं ते सांगा.

पेठेतला

दोन्ही बाजूंनी शेतकरी विरुद्ध नोकरदार हेच चाललंय. माझं ना शेत ना पगार. छपाईचं छोटं युनिट, तीन कामगार. मशीन कर्जावर. माझी मशीन ट्रॅक्टरसारखी मोजायची की फॉर्च्युनरसारखी? कुठल्याच यादीत माझा विचार नव्हता. २०२४ मध्ये पहिल्यांदा पात्र झालो. आता ते काढून घ्यायची भाषा ऐकतोय. सरळमार्गी, तुमच्याकडे कंपनीचा ग्रुप विमा असेल. माझ्याकडे नाही.

खिडकीपलीकडून

मी काही वर्षं एका खासगी रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून योजनेच्या खिडकीवर बसले आहे. ट्रॅक्टरवर तुम्ही कितीही भांडा, खिडकीवर ट्रॅक्टर कुणी विचारत नाही. विचारतात कागद.

एक उदाहरण देते. बाळंतपणानंतर गुंतागुंत झालेली मुलगी, स्ट्रेचरवर. सासरच्या कार्डात नाव चढवलेलं नाही, माहेरच्या कार्डातून लग्नानंतर कमी केलेलं. म्हणजे ती कुठल्याच कुटुंबात नाही. नवरा कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन माझ्यासमोर उभा आणि स्क्रीनवर मला तिचं नाव दिसत नाही. मी त्याला तालुक्याला पाठवलं, पुरवठा विभागात. तिथून तलाठ्याकडे, मग सेतूत. तोपर्यंत अनामत रक्कम भरा म्हणून रुग्णालय मागे लागलं होतं. त्याने शेळ्या विकल्या.

अटीने अडलेला श्रीमंत माझ्या खिडकीवर कधी आला नाही. ज्याला जमतं त्याच्याकडे केशरी कार्ड असतंच. अडायचा तो नाव न चढलेला, स्थलांतरित, ऊसतोडीला गेलेला, विधवा.

पण गोदाकाठ, अट गेली आणि सगळं सुटलं असंही लिहू नका. पांढरी कार्डं बऱ्याचदा ऑनलाइन नोंदलेलीच नसतात, तिथे पुन्हा हेलपाटा. आणि सरळमार्गी बेडबद्दल म्हणतात ते खरं आहे, मी रोज पाहिलंय. "पॅकेजमध्ये बसत नाही", "हे इंजेक्शन बाहेरून आणा", "सोमवारी या". ही वाक्यं केशरीवाल्यालाही ऐकावी लागत आणि आता पांढऱ्यालाही लागतात.

मांडवीअलीकडे

आमच्या गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. पाच वर्षं रहिवासी असलात की झालं, उत्पन्न कुणी विचारत नाही. तीन माणसांपर्यंतच्या घराला अडीच लाख, मोठ्या घराला चार लाख. गोव्याची तिजोरी बुडाली नाही. तुमच्याकडे एवढा गदारोळ कशाला?

तिरफळ

मांडवीअलीकडे, तुमची अट उत्पन्नाची नाही, पत्त्याची आहे. जानेवारी २०१८ पासून बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, गोव्याबाहेरच्या रुग्णांना पैसे लावले तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले होते. सिंधुदुर्गातल्या माणसाला बांबोळी जवळ आणि आपलं मोठं रुग्णालय लांब. रोज गोव्यात कामाला जाणारा माणूस तिथे आजारी पडला तर परका. तेव्हा आमची योजना बघा म्हणून सांगू नका.

मांडवीअलीकडे

गोव्याच्या पैशावर आधी गोंयकाराचा हक्क, यात चूक काय? तुमच्या सरकारने सावंतवाडीत चांगलं रुग्णालय उभारावं की.

तिरफळ

हे वाक्य सरळमार्गींचंच आहे, फक्त त्यांनी "करदाता" म्हटलं आणि तुम्ही "गोंयकार". उभारावं हे मात्र शंभर टक्के बरोबर, त्यासाठीच भांडतोय.

गोदाकाठ

सरळमार्गी, एक थेट प्रश्न. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ५ लाखांचं, उत्पन्नाची कुठलीही अट नाही. तुमच्या आईवडिलांचं काढलंत की नाही?

सरळमार्गी

काढलं. वडिलांना पेन्शन आहे, तरी काढलं. नियमात बसतं म्हणून काढलं. वापरलेलं नाही. याचा माझ्या मुद्द्याशी संबंध नाही आणि माझ्या आईवडिलांना धाग्यात ओढू नका.

गोदाकाठ

संबंध आहे. सत्तरीनंतर कुणी कोणत्या खासगी कंपनीत विमा काढायला गेलं तर काय उत्तर मिळतं हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून काढलंत. योग्यच केलंत. तीच भीती काकांना पंचावन्नाव्या वर्षी होती. फॉर्च्युनरवाल्याचा एवढा घोर असेल तर हेही पाहा: १५ ऑगस्ट २०२३ पासून ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत केसपेपरसुद्धा फुकट आहे. तिथल्या रांगेत कुठे फॉर्च्युनरवाले घुसलेत? ते येत नाहीत.

सरळमार्गी

ते तिथे येत नाहीत कारण तिथे सोय नाही. योजनेतलं खासगी रुग्णालय चकाचक असतं, तिथे येतात. माझा मुद्दा तुम्ही अजून खोडलेला नाही: बेड तेवढेच, हक्कदार वाढले.

गोदाकाठ

बेडचा मुद्दा खोडता येत नाही, कारण तो खरा आहे. पण त्याचा इलाज काकांना पुन्हा बाहेर काढणं हा नाही. पॅकेजचे दर नीट करा, रुग्णालयांचे पैसे वेळेत द्या आणि बेड नाकारणाऱ्याला योजनेतून काढा.

खिडकीपलीकडून

आणि योजनेचे किती बेड आज रिकामे आहेत हे खिडकीवर रोज लिहून लावायला भाग पाडा. नगरसेवकाचा फोन तेवढ्याने बराचसा निकामी होतो. मी असताना हे मागितलं होतं, रुग्णालयाने ऐकलं नाही.

सरळमार्गी

यावर माझी सही घ्या. अटीवर मात्र मी ठाम आहे. मर्यादा ८ लाख करा, १० लाख करा, पण कुठेतरी रेघ हवी.

बांधावरून

रेघ ओढा, पण ट्रॅक्टर रेघेच्या कुठल्या बाजूला ते आधी सांगा. एवढे प्रतिसाद झाले, त्याचं उत्तर आलेलं नाही.

सरळमार्गी

कर्ज फिटेपर्यंत मोजू नये, इथपर्यंत येतो. फिटल्यावर मोजावा.

बांधावरून

फिटेपर्यंत त्याचं इंजिन खोलायला आलेलं असतं. त्या भंगाराची किंमत लावून भावाच्या मणक्यातल्या स्क्रूचे पैसे निघतात का, ते हिशेब करून सांगा.