अनुभव धागा: हाताशी राहिलेली आणि माळ्यावर गेलेली आजारपणाची यंत्रं

वय ६९, सदाशिव पेठेत एकटी राहते. आमच्या इमारतीत तरुण माणूस दिसला की तो बहुतेक कुरिअरवाला असतो. मुलं परगावी. दर भेटीला एखादं यंत्र घेऊन येतात: पायाला मसाज करणारं, कंबरेला शेक देणारं, बोटाला लावायचं. निम्मी माळ्यावर आहेत.

म्हणून हा धागा. एकट्याने किंवा दोघांनीच राहणारे आणि अशा आईवडिलांना लांबून सांभाळणारे, दोघांनीही लिहा. कोणती वस्तू खरोखर वापरात टिकली, वापरताना काय कळलं, कशावर पैसे घालू नयेत? गोळ्या कोणत्या घ्याव्यात ते इथे नको, त्याला आपापले डॉक्टर आहेत. कंपन्यांची नावंही नकोत.

सुरुवात मी करते. माझ्या घरातली सगळ्यात उपयोगी वस्तू बटणाची नाहीच. कमोडशेजारी आणि नळाशी भिंतीत बसवलेले स्टीलचे दांडे. टाइलला चिकटणारे रबरी कपाचे मिळतात, ते घेऊ नका. ओलाव्याने कप सुटतो, आणि तो सुटतो तेव्हा आपला भार त्याच्यावरच असतो. विटेपर्यंत भोक पाडून अँकर फास्टनरने बसवलेला दांडा हवा, सव्वा ते दीड इंच जाडीचा, म्हणजे मुठीत नीट बसतो. टॉवेल टांगायचा रॉड हा आधार नव्हे, हे प्रत्येक पाहुण्याला सांगावं लागतं.

दुसरं, न्हाणीघराचं दार. आत उघडणारं असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगालाच अडतं आणि बाहेरच्याला आत जाता येत नाही. सुताराकडून ते बाहेर उघडेल असं करून घेतलं. आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येणारी बसवली. लिहा आता तुम्ही.

डोंबिवलीकर

ताई, छान विषय. मी रेल्वेतून निवृत्त, पत्नी गेल्यापासून एकटाच. माझं टिकलेलं यंत्र बीपीचं, दंडाला पट्टा लावायचं. मनगटाचं सोयीचं वाटतं, पण हात छातीच्या पातळीला नेमका धरला नाही तर आकडा भलताच येतो. पट्टा दंडाच्या घेराचा घ्यावा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दिसतं.

मोजायची रीत: चहा-कॉफी आणि विडी-सिगारेट अर्धा तास आधीपासून बंद, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा शर्टाच्या बाहीवरून नाही, उघड्या दंडावर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. मोजताना बोलायचं नाही. आमच्या कट्ट्यावरच्या मंडळींना शेवटची अट जमत नाही.

मला खरा फायदा झाला तो उभं राहून मोजल्याचा. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठल्यावर बीपी एकदम खाली येऊ शकतं. उठल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगायचं असतं. माझा उतरत होता. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली. रात्री उठायचं झालं की आधी पलंगाच्या कडेवर पाय सोडून बसतो, मगच उभा राहतो. पलंगाखाली युरिन पॉट असतो. लाज कसली, घरात मी एकटाच.

दर तासाला मोजू नका एवढं मात्र सांगतो. मोजलं म्हणून काळजीने वाढतं आणि वाढलं म्हणून पुन्हा मोजतात असे दोन मित्र आहेत माझे.

दादरकर आजी

श्रवणयंत्र. जस्ताच्या त्या बारक्या बॅटरीवर रंगीत चिकटपट्टी असते, ती ओढली की हवा लागून बॅटरी सुरू होते. पट्टी काढून मिनिटभर थांबून मगच यंत्रात घालावी. पट्टी पुन्हा चिकटवून काही उपयोग नाही, एकदा उघडली ती उघडली. मापं रंगावरून ओळखायची: १० पिवळी, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळी. दुकानात आकडा आठवला नाही तरी रंग आठवतो.

पावसाळ्यात रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या डबीत टाकते. नाहीतर जुलैत नक्की बंद पडतं. आणि सुनेने पहिल्या आठवड्यात विचारू नये "आता ऐकू येतं ना?" म्हणून. भांड्यांचा आवाज आधी येतो, माणसांचा मागाहून. सवय व्हायला वेळ लागतो.

मडगावचो

लहानसाच अनुभव. मधुमेह असेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी माळ्यावरच टाका. पायांची जाणीव कमी झालेली असते, भाजलं तरी कळत नाही. आमच्या आजोबांच्या टाचेला फोड आला तो आईने सकाळी अंथरुणावरचा डाग पाहिल्यावर कळला. आता रोज रात्री तळपाय आरशात बघणं हा नेम आहे.

जुन्या घराचे उंबरे हा वेगळाच विषय. कडेला पिवळा रंग मारला, दुपारच्या अंधुक उजेडातही दिसतात.

नागपूरकर

ग्लुकोमीटर. आमच्याकडे संत्र्याचे दिवस आले की आकडे वाढतात, आणि ते दर वेळी रक्तातलेच असतात असं नाही! संत्रं सोललेल्या बोटाला साल-रसाची साखर लागलेली असते, तो थेंब तपासला की यंत्र ३०० सुद्धा दाखवेल. स्पिरिटच्या बोळ्यावर भरवसा नको. साबणाने हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, मग टोचायचं, तेही बोटाच्या मधोमध नाही, कडेला. तिथे कमी दुखतं. पट्ट्यांची डबी लगेच बंद करायची, दमट हवेने पट्ट्या बिघडतात.

घरच्या मीटरचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही, त्यावरून यंत्र फेकून देऊ नका. आंतरराष्ट्रीय मानकातच १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. एका आकड्याकडे बघू नका, वहीतला कल बघा.

आई एकटी राहते, इन्सुलिन घेते. न उघडलेली पेनं फ्रीजच्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या खणात कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. वापरातलं पेन बाहेर चालतं, पण आमचा मे महिना म्हणजे पारा ४५ ला. त्यामुळे मातीचं ओलं मडकं, त्यात कोरडा डबा, डब्यात पेन. वीज गेली तरी मडकं गार राहतं.

साखर ७० च्या खाली आली किंवा घाम फुटून हात थरथरले तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं. पेढा-चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-लोण्यामुळे साखर रक्तात जायला उशीर होतो. साखरेची एक पुडी उशाशी, एक पर्समध्ये, एक देवघरात. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

सातारकर

आमचं गाव डोंगरात हाय, तालुक्यापासनं लांब. वडलांना सीओपीडी, म्हंजे दम लागायचा फुप्फुसाचा जुना आजार, उभी हयात चुलीच्या धुरात आन् विडीत गेली. ऑक्सिजनचं यंत्र आणलंय, कॉन्सन्ट्रेटर, पाच लिटरवालं. हवेतला नायट्रोजन आत अडकवतं आन् ऑक्सिजन नळीनं सोडतं, म्हंजे सिलिंडर भरायची कटकट न्हाई. पर लाईट गेली की खेळ खलास. आमचं यंत्र साडेतीनशे वॅट खातं. इन्व्हर्टरवर काही तास निघत्यात, म्हणून एक लहान सिलिंडर भरून ठेवलेला.

आईला वाटायचं, दम लागला की यंत्रावरचा ऑक्सिजनचा काटा वाढवावा. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की असल्या फुप्फुसाला जादा ऑक्सिजन घातक, आत कार्बन डायऑक्साईड साठतो आन् माणूस गुंगीत जातो. वडलांच्या रक्तातला ऑक्सिजन, बोटाच्या यंत्रावर दिसतो तो, ८८ ते ९२ टक्के ठेवा म्हणाले. शेजारचा येतो, बोटाचं यंत्र लावतो आन् म्हणतो "आमचं ९८, तुमचं कमी". आता काट्यावर चिकटपट्टी लावून टाकलीय, हात लावायचा न्हाई.

देवघर यंत्राच्या खोलीतनं हलवलं. समई, उदबत्ती, काडी, काही न्हाई तिथं. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीन लावत होते, तेबी बंद. पाण्यावर बनलेलं मलम डॉक्टरांनी दिलं. ऑक्सिजन ओला करायची बाटली असते तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालतो, आन् मागची जाळी आठवड्याला धुवून वाळवून बसवतो. यंत्र भिंतीला चिकटून ठेवलं की तापतं.

विचारायचं व्हतं: दुसरं जादाचं यंत्र विकत घ्यावं का भाड्यानं?

कोथरूडकर (रुग्णसाहित्य केंद्रात काम करते)

दादा, जादाचं भाड्यानेच घ्या. आमच्यासारखी केंद्रं बऱ्याच शहरांत मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, देवस्थानं चालवतात. अनामत भरायची, महिन्याचं थोडं भाडं, परत केलं की अनामत मिळते. कॉन्सन्ट्रेटर घेताना दोन गोष्टी बघा. त्यावर किती तास चालला याचा काटा असतो, तो वाचा. आणि ऑक्सिजनची शुद्धता मोजून दाखवा म्हणा, ९० टक्क्यांच्या आसपास तरी असायला हवी. बाहेर येणारी हवा जोरात आहे म्हणजे ऑक्सिजन आहे असं नाही.

बाकीच्यांसाठी: व्हीलचेअर न्यायला येणाऱ्या दहाजणांतले नऊ दाराचं माप घेऊन येत नाहीत. जुन्या घरांत संडासाचं दार दोन फुटांचं असतं आणि मोठी व्हीलचेअर त्याहून रुंद. चाकं घरी जाऊन तशीच परत येतात. मग कमोडची खुर्ची नेतात, आणि खरं तर तीच हवी असते.

अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी नेणाऱ्यांना एक विनंती. तिच्यावर जाड सतरंजी, रजई घालू नका, एकच सैल चादर. नाहीतर हवेचे कप्पे भरून-रिकामे होण्याचा पाठीला काही फायदा नाही. गादी आहे म्हणून कूस बदलायची नाही असंही नाही. दर दोन तासांनी बदलायचीच, टाचा आणि माकडहाड बघायचं. लालसर जागा दाबल्यावर पांढरी होत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लघवीची पिशवी असेल तर ती कायम कंबरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता. पलंगाच्या दांडीला अडकवा, पाऊण भरण्याआधी रिकामी करा.

नाशिककर

मी फिजिओथेरपिस्ट. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरणारे रोज भेटतात. काठी चांगल्या पायाच्या हातात, आणि दुखरा पाय आणि काठी बरोबर पुढे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उंची अशी की हात खाली सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी. खालचं रबराचं बूट झिजलं की लगेच बदला, दुकानात सुटं मिळतं.

पण मला दुसरंच सांगायचंय. पडल्यावर उठायचं कसं, हे न पडता शिकून ठेवा. आधी अंग हलवून बघा. जोरात दुखत असेल किंवा पाय वाकडा पडला असेल तर उठूच नका, पांघरूण ओढून मदत बोलवा. दुखत नसेल तर कुशीवर वळा, हातांवर जोर देऊन रांगत पक्क्या खुर्चीपर्यंत जा, तिच्यावर दोन्ही हात ठेवा, ताकदीच्या पायाचं पाऊल पुढे रोवा आणि वळून बसा. घरात कोणी असताना गादीवर दोनदा करून बघा. फोन टेबलावर नको, गळ्यातल्या पिशवीत. जमिनीवरून टेबल फार उंच असतं हो.

न्यू जर्सीहून, मूळ मिरज

आईबाबा मिरजेत. मी हौसेने कॅमेरा बसवला. आईने त्याच्यावर नॅपकिन टाकला. म्हणाली, "मी काय दुकान आहे का?" पुढे वाद घातला नाही.

टिकलं ते असं: सकाळी सात वाजता बाबांनी समोरच्या काकूंना मिस्ड कॉल द्यायचा. आठपर्यंत आला नाही तर काकू किल्लीने दार उघडतात. त्यांच्याकडे किल्ली आहे, याला काही चार्जिंग लागत नाही. फ्रीजवर एक कागद: दोघांची औषधं डोससकट, ॲलर्जी, जुनी ऑपरेशनं, डॉक्टरांचा फोन, १०८, आणि ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७. रुग्णवाहिकेतले लोक आले तेव्हा त्यांनी तो कागद काढून सोबत नेला. इकडे बसून मी फोनवर हे काही सांगू शकलो नसतो, रात्रीचे तीन वाजले होते.

डोंबिवलीकर

मिरजकर, कागदाला +१. त्यावर तारीख घाला, जुन्या गोळ्यांची यादी असली तर उलट घोळ होतो.

कोल्हापूरकर

पैशाची अडचण असलेल्यांसाठी. राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, त्यात साठीपुढच्या गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चष्मा शिबिरांतून मोफत मिळतात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची, ६५ वर्षांपुढच्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर एकदाच ३,००० रुपये खात्यावर. आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं. आमच्या आत्यांनी त्यातून गुडघ्याचा पट्टा आणि कमोडची खुर्ची घेतली. गुडघ्याचा पट्टा कुठे आहे विचारू नका.

सातारकर

कोथरूडच्या ताई, उपकार झाले. यष्टीतनं यंत्र आणता येतं का, का टेम्पोच करावा?

कोथरूडकर

वजन पंधरा-वीस किलोच्या आसपास असतं, चाकं असतात. पण आडवं अजिबात ठेवायचं नाही, उभंच आणा. एसटीत सीटखाली आडवं घालतील. जीपला विचारा, आणि घरी पोचल्यावर थोडा वेळ तसंच राहू द्या, मग सुरू करा.