‘कॅन’, ‘कुड’ आणि ‘वुड लाइक’ : आईला कसं समजावू?

लेक_शिकवते
माझ्या आईने साठी उलटल्यावर इंग्रजी शिकायला घेतलंय आणि शिकवायचं काम माझ्याकडे आहे. ‘आय कॅन स्विम’, ‘शी कॅन रीड’ हे तिला पटकन जमलं. ‘कॅन’ला ‘एस’ लागत नाही आणि पुढे ‘टु’ येत नाही, यावर तर ती खूश आहे. अडलंय ते पुढे. पुस्तकात ‘कॅन’चा भूतकाळ ‘कुड’ असं दिलंय. म्हणून तिने ‘काल मला कुलूप उघडता आलं’ याचं ‘यस्टरडे आय कुड ओपन द लॉक’ असं केलं. मला ते खटकतंय, पण का ते सांगता येत नाही. वर तिने विचारलं, ‘कुड यू ओपन द विंडो?’ यात भूतकाळ कुठे आहे? आणि ‘आय लाइक’मध्ये ‘वुड’ घातलं की नेमकं काय बदलतं?

पाठांतराचा तिला कंटाळा आहे, पण कारण पटलं की ती विसरत नाही. जाणकारांनी मदत करावी.

खडू_फळा
ताई, आधी आईंना माझा नमस्कार सांगा. मी मोठ्या माणसांनाच इंग्रजी शिकवते, त्यामुळे त्यांचे प्रश्न किती चांगले आहेत ते मला कळतंय.

‘वुड’पासून सुरू करा, कारण तिथे मराठी पूर्ण मदतीला येते. ‘मला वाचायला आवडतं’ आणि ‘मला वाचायला आवडेल’ यात आई कधी गोंधळ करतील का? नाही ना! पहिलं ‘आय लाइक’, दुसरं ‘आय वुड लाइक’. एक कायमची आवड, दुसरी आत्ताची इच्छा. फरक त्यांच्या जिभेवर आधीच आहे, नवा शिकवायचा नाही. एवढंच सांगा की ‘लाइक’पुढे ‘रीडिंग’ आणि ‘टु रीड’ दोन्ही चालतं, ‘वुड लाइक’पुढे मात्र ‘टु रीड’च. काही मागायचं असेल तेव्हाही ‘आय वॉन्ट’ऐवजी ‘आय वुड लाइक’ची सवय लावा. अनोळखी माणसापुढे नुसतं ‘आय वॉन्ट’ हट्टासारखं ऐकू येतं.

आता खिडकी. आपण नम्रपणे ‘खिडकी उघडाल का?’ म्हणतो. हे रूप भविष्यकाळाचं, पण काम आत्ताचं असतं. इंग्रजी त्याच कामासाठी भूतकाळाचं रूप वापरते. दोन्हीकडे बोलणारा ‘आत्ता’पासून थोडा लांब उभा राहतो आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवतो. ‘कॅन यू’ ओळखीच्यांत अगदी ठीक आहे, ‘कुड यू’ जास्त अदबीचं. आपली अदब क्रियापदाच्या शेवटात आणि ‘जरा’मध्ये असते, म्हणून आपल्याला वाटतं ‘प्लीज’ जोडलं की झालं. पण ‘ओपन द विंडो, प्लीज’ हा शेवटी हुकूमच, फक्त मऊ केलेला.

कुलपाचं तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे. पूर्वी एखादी गोष्ट येत होती, तर ‘कुड’ : ‘लहानपणी मला झाडावर चढता यायचं’. पण एकदाच, त्या वेळी, खटपट करून जमलं असेल तर ‘वॉज एबल टु’ किंवा ‘मॅनेज्ड टु’. मराठीतही ‘यायचं’ आणि ‘आलं’ वेगळं आहेच की. ‘यायचं’ असेल तिथे ‘कुड’, हे आईंना लगेच पटेल. नकारात ही अडचण नाही, ‘आय कुडन्ट ओपन द लॉक’ बिनधास्त म्हणा. दिसणं आणि ऐकू येणं यांनाही सूट आहे. ‘आय कुड हिअर अ नॉइज’ एकदाच ऐकू आलं तरी चालतं.

कान_देऊन
वरचं सगळं उत्तम. मला उच्चाराचं सांगायचंय, कारण ते पुस्तकात फारसं नसतं. होकारी वाक्यात ‘कॅन’वर जोर देऊ नका. ‘आय कन स्विम’, सगळा जोर ‘स्विम’वर. जोर पडला की समोरच्याला ‘कान्ट’ ऐकू येऊ शकतं, अमेरिकन ढंगात तर जास्तच, कारण तिथे शेवटचा ‘ट’ जेमतेम लागतो. येतं म्हणायचं आणि समोरच्याने येत नाही समजायचं! ‘कुड’ आणि ‘वुड’मधला ‘एल’ मुळीच उच्चारायचा नाही. ‘कुड’मध्ये तर तो मुळात नव्हताच, ‘वुड’ आणि ‘शुड’च्या नादाने नंतर लिहायला लागले.

लेक_शिकवते
दोघांचे मनापासून आभार! ‘यायचं’ आणि ‘आलं’ ऐकून आईने स्वतःच वाक्य दुरुस्त केलं. आता तिची शंका : कुणी ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ विचारलं आणि तिला उघडायची असेल, तर ‘येस’ म्हणायचं की ‘नो’?

खडू_फळा
‘नो, नॉट ॲट ऑल’ म्हणायचं आणि उघडायची. विचारलंय ते ‘तुमची हरकत आहे का?’, म्हणून उत्तर ‘नाही, मुळीच नाही’. ‘शुअर’ म्हटलेलंही सगळ्यांना कळतं, पण नुसतं ‘येस’ टाळा. ‘माइंड’पुढे ‘ओपनिंग’च येतं, ‘टु ओपन’ नाही.

आता आवडीनिवडीकडे वळलाच आहात तर पुढचा धडा ‘प्रिफर’चा घ्या. ‘धावण्यापेक्षा चालणं आवडतं’ म्हणजे ‘आय प्रिफर वॉकिंग टु रनिंग’. मधल्या ‘पेक्षा’ला तिथे ‘टु’ लागतं, आपला हात मात्र ‘दॅन’कडे जातो. ‘दॅन’ लागतं ते ‘वुड रादर’ला : ‘आय वुड रादर वॉक दॅन रन’. दोन्ही एकाच दिवशी देऊ नका, पहिलं तोंडात बसू द्या.