चौदा महिने झाले, लेक अजून धरूनही उभी राहत नाही

प्रश्न: लेक ३३व्या आठवड्यात जन्मली. आधाराशिवाय दहाव्या महिन्यात बसली. आता बसल्या बसल्या ढुंगणावर घसरत स्वयंपाकघरापर्यंत येते, पण उभं केलं की पाय वर उचलून घेते. सासूबाई म्हणतात, "हिचा बापही उशिराच चालला." शेजारच्या काकूंनी चाकांचा वॉकर आणून दिलाय. रात्री झोप लागत नाही हो.

उत्तर १: ताई, पूर्ण दिवस म्हणजे चाळीस आठवडे; ती सात आठवडे आधी आली, तेवढे वजा करा. कमी दिवसांच्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात, म्हणजे ती जेमतेम साडेबारा महिन्यांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान चालली. घसरणारी मुलं बऱ्याचदा उशिराच चालतात. वॉकर मात्र परत द्या! कॅनडात २००४ पासून त्यावर बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, पण तोही ती स्वतः उभी राहू लागल्यावरच.

उत्तर २: माझा मुलगा घसरताना एकच पाय वापरायचा. "होईल आपोआप" म्हणत मी पाच महिने घालवले, त्याची खंत अजून आहे. एक बाजू कमी हलणं, अंग फार ताठ किंवा सैल असणं, आलेली गोष्ट विसरणं, यांपैकी काही दिसलं तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखणाऱ्या विभागात, तपासणी मोफत होते.

प्रश्नकर्ती: आज नीट पाहिलं. डावा पाय ती ओढतेच. सोमवारी जातेय.